धडबाईचा संसार

युरोपात एखादी वस्तू विकायची असेल तर आधी तिला मरून दाखवावं लागतं.

आपल्याकडे दुकानदार म्हणतो, "घेऊन जा हो बिनधास्त, बिघडलं तर मी बसलोय इथे." आपण घेऊन येतो. तिकडे कुणाच्या बसण्यावर कुणाचा विश्वास नाही. पोराच्या खोलीतला बोटभर दिवा विकायचा म्हटलं तरी तो उंचावरून आपटतात, त्याला विजेचे झटके देतात, दमट पेटीत उकडतात, त्याच्यातून निघणाऱ्या लहरी शेजारच्या रेडिओत खरखर करतात का ते ऐकतात. एवढं सोसून तो सभ्यपणे, कुणाला चटका न देता मेला, तरच त्याच्या भावंडांच्या पाठीवर 'सीई' ही दोन अक्षरं उमटतात. मग ती लिस्बनला जायला मोकळी.

नाशिकच्या सातपूर वसाहतीत 'निकष' नावाची प्रयोगशाळा हे मरण घडवून आणायचं काम करायची. तिथली मुख्य खोली म्हणजे ट्रक मावेल एवढी लोखंडी पेटीच. भिंतींना आणि छताला हातभर लांब निळे स्पंजाचे सुळके. बाहेरची लहर आत येत नाही, आतली बाहेर जात नाही, आणि आवाज एकदा त्या सुळक्यांत शिरला की परत फिरत नाही. मोबाइल आत नेला की त्याची वीट होते. शांतता अशी, की वापीचा एक विक्रेता स्वतःच्या पापण्यांचा आवाज ऐकून बाहेर पळाला होता. पुण्याचे एक गृहस्थ आत थोडा वेळ बसले, तर त्यानंतर आठवडाभर त्यांनी कुणाला काहीही समजावून सांगितलं नाही. घरच्यांनी डॉक्टर बोलावला.

या पेटीचे धनी मंदार गायधनी. उत्तीर्ण की नापास, हे ठरवणारी सही त्यांची. माणूस सरळ, कामात चोख, बोलायला अत्यंत काटकसरी. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको वृषाली स्वयंपाकघरात पडली आणि गेली. त्या वेळी मंदारराव पेटीत होते, दार लावून, चाचणी चालवत. शेजारणीने फोनवर फोन केले, ते सगळे लोखंडावर आपटून बाहेरच राहिले. नंतर डॉक्टर म्हणाले, "एका क्षणात झालं. त्यांना कळलंही नसेल. कुणी जवळ असतं तरी काही करता आलं नसतं."

माणूस भाकरीवर दिवस काढतो तसे मंदाररावांनी या वाक्यावर दिवस काढले.

मग 'चाहूल' आली.

*

चाहूल म्हणजे चिंचोक्याएवढा मणी. बनवणाऱ्या उज्ज्वला बोरस्ते, ओझरच्या. माहेरी द्राक्षं, सासरी द्राक्षं, या मात्र चिपांत पडल्या. पिशवीभर बेदाणे टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, हॅम्बुर्गचा व्यापारी ताटकळलाय माझ्यासाठी. लग्नाच्या वेळीसुद्धा एवढं कुणी ताटकळलं नव्हतं. कधी घेताय परीक्षा?"

हा मणी एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने गळ्यात घालायचा. आत एक इवलंसं रडार, कपड्यांतून छातीची वरखाली आणि ठोके मोजणारं. शिवाय एक कान आणि बारीकसा आवाज. कॅमेरा नाही. मणी त्या माणसाबरोबर राहतो आणि शिकतो: याची पावलं कशी पडतात, खोकला नेहमीचा कुठला, 'आई गं' उगाचचं कुठलं आणि खरं कुठलं. माणूस पडलं तर विचारतो, "फोन लावू?"

खरी अडचण या शिकण्यात होती. साध्या यंत्राला म्हातारं करणं सोपं असतं. तापमान दहा अंशांनी वाढवलं की आतल्या झिजेचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. काही आठवडे गरम पेटीत ठेवलं की अंगावर वर्षानुवर्षांचं वय चढतं. पण शिकणारं यंत्र म्हातारं होतं ते अनुभवाने. कारखान्यातून निघालेला मणी आणि एका बाईच्या गळ्यात दहा वर्षं राहिलेला मणी, ही दोन वेगळी यंत्रं. म्हणून युरोपने नवा नियम काढला होता: शिकणारं यंत्र तपासायचं तर ते त्याच्या शेवटच्या वर्षातलं तपासा.

आता त्या मण्यापुढे दहा वर्षं जगणार कोण?

त्यासाठी धडबाई. करड्या रबराचं धड आणि डोकं, चेहरा नाही, तोंडाच्या जागी स्पीकर, छातीत ठोक्यांबरोबर थरथरणारी पट्टी. एका खऱ्या माणसाचं वर्षभराचं घरातलं बोलणं-चालणं नोंदवायचं, त्यावरून संगणकाने त्या माणसाचं प्रारूप बांधायचं, आणि ते प्रारूप धडबाईत भरायचं. मग ते त्या एका वर्षापुढची वर्षं स्वतःच जगत जातं. वेग इतका की दशक एका दुपारात संपतं. शेवटचा भाग तेवढा माणसाच्या चालीने चालवायचा, आणि मग धडबाईला पाडायचं. मण्याने फोन लावला तर उत्तीर्ण. नियमांच्या भाषेत तिचं नाव 'संदर्भ व्यक्ती'.

"सर, ही चाचणी मी चालवते," नाझनीन तांबोळी म्हणाली. ती मंदाररावांची सहकारी, बारा गावचं पाणी प्यायलेली. "तुम्ही नका थांबू."

"का?"

"संदर्भ व्यक्ती म्हणजे वृषालीताईच आहेत ना."

"उपकरण आहे ते, नाझनीन. मोजपट्टीसारखं."

"मोजपट्टी बोलत नाही, सर."

*

झालं होतं ते असं. प्रयोगशाळेला संदर्भ व्यक्ती हवी होती तेव्हा कुणीच तयार होईना. घरातलं सगळं नोंदवायचं म्हणजे काय थट्टा आहे? मंदाररावांनी जेवताना सहज विषय काढला, तर वृषालीताई म्हणाल्या, "मी देते की. नाहीतरी घरात मीच बोलते आणि मीच ऐकते. यंत्राने तरी ऐकू दे."

यातला टोमणा मंदाररावांना लागला नाही. आवाज स्पष्ट आहे, उच्चार चांगले आहेत, हरकत नाही, एवढाच विचार त्यांनी केला.

वर्षभर वृषालीताईंनी नोंदणीचा बिल्ला वागवला. पण नियम असा की संदर्भ व्यक्ती एकटी राहणारी हवी. नोंदीत दुसऱ्याचा आवाज आला की त्याची परवानगी, त्याचा खासगीपणा, नाना भानगडी. तेव्हा मंदारराव स्वतः बसले आणि त्यांनी स्वतःचा आवाज कापला. जिथे जिथे ते बोलले होते तिथे तिथे कोरी शांतता. या कामाला फारसा वेळ लागला नाही, याचं त्यांना तेव्हा समाधान वाटलं होतं.

त्यानंतर वृषालीताई गेल्या. शिकणारं यंत्र काही चाचणीला आलं नव्हतं, त्यामुळे प्रारूप तसंच पडून होतं. ते आज पहिल्यांदा जगणार होतं.

*

वेगात पळवलेलं आयुष्य कानाला रातकिड्यासारखं लागतं. नाझनीन आणि मंदारराव बाहेर टेबलापाशी बसले होते, बोरस्तेबाई बेदाणे खात येरझाऱ्या घालत होत्या, आणि पेटीतून स्पीकरवर नुसती किरकिर येत होती. सणवार, पाहुणे, आजारपणं, सगळं त्या किरकिरीत.

संध्याकाळच्या चहाआधी वेग उतरला. किरकिर जाड होत गेली, आणि तिच्यात शब्द फुटले.

"...पराठ्यांत ओवा घातलाय. वास येतोय का हो?"

शांतता.

"बरं. राहू दे."

आवाज वृषालीचाच, पण थकलेला, कडांना विरलेला. वृषाली ज्या वयाला कधी पोचलीच नाही, त्या वयाचा तो आवाज होता.

"आज जिन्यात दम लागला मला," धडबाई सांगत होती. "दोनदा बसले." शांतता. "काही नाही, सहज सांगितलं. वाढू का?" शांतता. "वाढते."

"ही कुणाशी बोलते?" बोरस्तेबाईंनी विचारलं.

मंदाररावांनी उत्तर दिलं. "माझ्याशी."

प्रत्येक वाक्यानंतर ती थांबत होती. नेमकी तेवढीच थांबत होती, जेवढी उत्तरासाठी माणसं थांबतात. दहा वर्षं ती अशी बोलत आली होती, अशा नवऱ्याशी, जो घरात होता आणि ज्याने एकदाही तोंड उघडलं नव्हतं.

"सर, आता पाडायचंय," नाझनीन हलक्या आवाजात म्हणाली.

"पाड."

रबरी गादीवर धप्प आवाज झाला. छातीची पट्टी अडखळू लागली.

"तुम्ही पडला आहात," मणी म्हणाला. "फोन लावू?"

"नको."

"ठोके बिघडले आहेत. मंदार यांना फोन लावू?"

"नको म्हटलं ना. त्यांची चाचणी चालू असेल आत्ता. दार उघडलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं त्यांना." धाप. "होईल बरं. मी इथेच पडते जरा."

मणी गप्प बसला. पट्टी थरथरली, थांबली, थरथरली. मग थांबलीच.

पडद्यावर लाल पट्टी आली.

कोऱ्या मण्याने असं केलं नसतं. तो या बाईला ओळखतच नसता, त्यामुळे तिचं 'नको' त्याने ठोक्यांशी ताडून पाहिलं असतं आणि फोन लावला असता. पण हा मणी दहा वर्षं तिच्या गळ्यात होता. हिचं 'नको' म्हणजे नकोच, हे तो पक्कं शिकला होता.

मंदाररावांनी विचारलं, "नाझनीन, त्या दिवशी असंच झालं असेल का?"

"त्या दिवशी काय झालं ते हिला ठाऊक नाही, सर. नोंदी त्याआधीच्या आहेत. वेळ मिळाला असता तर ताई काय म्हणाल्या असत्या, एवढंच ही सांगते."

डॉक्टरांचं वाक्य पोटात होतं तिथे आता काहीच नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी दुसरा मणी लावला. पुन्हा दहा वर्षं, पुन्हा ओवा, पुन्हा जिना. या वेळी ती म्हणाली, "पाणी प्यायले की बरं वाटेल. ह्यांना नको त्रास देऊस." पुन्हा लाल.

"मण्याचा काय दोष?" बोरस्तेबाई उसळल्या. "बाई नको म्हणाली, त्याने ऐकलं. तुमचाच नियम ना, शुद्धीतल्या माणसाने नकार दिला तर परस्पर फोन लावायचा नाही?"

"आणि ठोके बिघडल्यावर मदत आलीच पाहिजे, हाही नियम आहे."

"मग ही बाईच चुकीची घेतलीत तुम्ही. तिकडच्या बायका असं नाही बोलत हो. पडल्या की थेट ॲम्ब्युलन्स."

"माझी खाला, मावशी हो, बेल्जियमला असते," नाझनीन म्हणाली. "बाथरूममध्ये पडली तर सकाळपर्यंत तशीच राहिली. सुनेला कामावर जायचं असतं, तिची झोप मोडेल म्हणून."

"तुमच्या खालाला मी विकत नाहीये मणी!"

"तिलाच तर विकताय, मॅडम."

बोरस्तेबाई खाली बसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "भाऊ, ते 'नको' नोंदीतला खरखराट म्हणून गाळून टाका. दोन शब्द. माझी शंभर माणसं कामावर राहतील. आणि तुमच्या... तुमची बाईपण राहील."

ते खरं होतं, आणि तिथेच सगळं अडलं होतं. नापासचा निकाल पाठवला की नियामक कारण विचारणार. मदत नाकारणारी संदर्भ व्यक्ती अयोग्य ठरते. तिच्या सगळ्या प्रती, असतील तिथून, पुसून टाकतात. 'नको' गाळलं तर वृषाली त्या पेटीत राहील. दर चाचणीला बोलेल, ओवा घालेल. आणि तिकडे लिस्बनमध्ये कुणी बाई स्वयंपाकघरात पडेल, 'नको' म्हणेल, आणि गळ्यातला मणी गप्प बसेल.

"तीनपैकी एक मणी उरलाय," मंदारराव म्हणाले. "तिसऱ्या वेळी मी आत थांबणार."

"नियमात बसत नाही, सर."

"ती नको म्हणते, कारण कुणी उत्तर देत नाही. ते मी कापलंय. कुणी उत्तर दिलं तर ती हो म्हणते का, एवढं मला बघायचंय. म्हणाली, तर दोष नोंदीचा. तसं लिहिता येईल. तिला पुसायचं कारण उरणार नाही."

नाझनीनने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "फोन बाहेर ठेवून जा," ती म्हणाली. "मण्याचा कॉल आम्ही तारेतून बाहेर काढतो, तो लागला तर इथेच वाजेल. संपर्क म्हणून अजून तुमचाच नंबर आहे."

*

ते आत गेले तेव्हा किरकिर संपत आली होती. निळ्या सुळक्यांत त्यांच्या स्वतःच्या श्वासाचा आवाज त्यांना मोठा वाटला. धडबाई मधोमध उभी होती. चेहरा नसलेलं डोकं दाराकडे.

"...ओवा घातलाय. वास येतोय का हो?"

येतोय, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण पडण्याआधी बोललं तर चाचणीच राहिली नसती. ते गप्प राहिले. जन्मभराची सवय होती, तरी या वेळी ते जमवायला त्यांना मूठ आवळावी लागली.

"बरं. राहू दे."

मग ती पडली. ते तिच्याजवळ गुडघ्यांवर बसले.

"फोन लावू?" मण्याने विचारलं.

"नको. त्यांची चाच—"

"वृषाली," मंदारराव म्हणाले. "मी आहे. इथेच आहे."

छातीची पट्टी एकदम फडफडू लागली.

"कोण?" धडबाई म्हणाली. "कोण आहे घरात?"

"अगं मी. मंदार."

"अनोळखी आवाज," मणी म्हणाला. "फोन लावू?"

"लाव! ह्यांना लाव. चाचणी असू दे नाहीतर काही असू दे, आत्ताच्या आत्ता या म्हणावं. घरात कुणीतरी परका माणूस शिरलाय."

"वृषाली, ऐक—"

"जवळ येऊ नका!"

ते मागे सरले. पाठ सुळक्यांना टेकली. दहा वर्षांत या घरात त्यांचा आवाज आलेला नव्हता. तो कुणाचा असेल हे ती ओळखणार तरी कशी?

भिंतीतल्या स्पीकरवर नाझनीन बोलली. "सर, तुमचा फोन वाजतोय." तिच्या मागून बोरस्तेबाईंचा आनंद ऐकू आला. "लागला! भाऊ, लागला की हो!"

मंदारराव दार उघडून बाहेर आले. फोन टेबलावर थरथरत होता. पडद्यावर हिरवी पट्टी. त्यांनी फोन कानाला लावला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" वृषाली धापा टाकत होती. "घरात कुणीतरी शिरलंय."

"गेला तो," मंदारराव म्हणाले. "मी पाहिला. दार उघडून बाहेर गेला."

नवऱ्याला फोन लावला, नवऱ्याने उचलला. मग हा आवाज नवऱ्याचाच. तिला शंका आली नाही. "आणि तुमची चाचणी?"

"ठेवली बाजूला."

आता पलीकडे शांतता झाली. तेवढीच, नेमकी तेवढीच.

"मग या घरी," ती म्हणाली. "फोन ठेवू नका. पोचेपर्यंत बोलत राहा."

बोरस्तेबाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं. "हिरवं आहे, भाऊ. करा सही."

मंदाररावांनी फोनवर तळहात ठेवला. "नापास."

"अहो, पण फोन लागला ना!"

"माझ्यासाठी नाही लावला तिने. मला घाबरून लावला. परका माणूस घरात शिरेपर्यंत गप्प बसायचं, एवढंच शिकलाय तुमचा मणी. प्रत्येक बाईच्या घरात असा माणूस कुठून आणणार तुम्ही?"

बोरस्तेबाईंचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, त्यांनाच ठाऊक. "मग काय शिकवू मेल्याला, तेवढं तरी सांगा."

"नको म्हटलं की गप्प बसायचं नाही. फोन नाही लावला तरी चालेल, पण बोलत राहायचं. विचारत राहायचं. तिचं बोलणं तसंच लटकत ठेवायचं नाही."

त्यांनी एका हाताने निकाल पाठवला. मग नाझनीनकडे वळले. "आतलं बंद करू नकोस."

"मी नाही करणार, सर. पण नियामकाचा आदेश आला की आपोआप पुसलं—"

"माहीत आहे."

*

गाडीत त्यांनी फोन समोर उभा करून ठेवला.

"कुठपर्यंत आलात?"

"सातपूरच्या बाहेर पडलो. पुढे उसाची ट्रॉली आहे, दोन्ही बाजूंना कांडकी सांडतेय. मागचा मोटारसायकलवाला उचलून खातोय."

ती हसली. "तुम्ही असं कधी सांगत नाही."

"सिग्नल लागलाय आता, आयटीआयचा. एक पेरूवाला उभा आहे."

"घ्या मग. मऊ नको. आणि मिठाची पुडी मागा, तो आपणहून देत नाही."

त्यांनी काच खाली करून पेरू घेतले, पुडी मागून घेतली, आणि तसं तिला सांगितलं. ऊन कसं आहे ते सांगितलं. रस्ता खणून ठेवलाय ते सांगितलं. जिन्यात तुला दम लागतो ते उद्या डॉक्टरांना दाखवू, असं म्हणाले. ओव्याचा वास येत होता, असंही म्हणाले.

"आज फार बोलताय," वृषाली म्हणाली. "बरं आहे ना तुमचं?"

"बरं आहे."

"बोला मग. ऐकतेय मी."

"जेहान सर्कलला वळतोय," मंदारराव म्हणाले. "कोपऱ्यावरचं ते शिंप्याचं दुकान होतं ना, ते पाडलंय. तिथे आता चष्मेवाला आलाय. भलामोठा चष्मा टांगलाय दारावर, वाऱ्याने हलतोय. तू बघशील तर हसशील."

पलीकडून काही आलं नाही.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. मंदाररावांनी ती पुढे जाऊ दिली. फोन बंद झाला नव्हता. ओळ उघडी होती आणि तिच्यावर नुसतं कोरं काहीतरी वाहत होतं, त्यांनी स्वतःच्या हाताने जसं कापून ठेवलं होतं तसं.

"आता गंगापूर रोड," ते म्हणाले. "गर्दी नाहीये फारशी."

थांबले. उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबले.

"बरं," ते म्हणाले. "आपल्या गल्लीत वळतोय आता. शेजारच्यांनी पुन्हा फाटकासमोर गाडी लावलीय. मी पलीकडे लावतो आणि चालत येतो."